बांध, अंजीर आणि पश्चात्ताप



मागच्या आठवड्यात खालच्या रानाचा माती परीक्षणाचा कागद आला. सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के. ०.५० च्या खाली गेलं की 'कमी' असा शेरा पडतो, तसा तो पडला. ढेंचा, शेणखत, पाचट कुजवणं हे सगळं चालू आहे, त्यावर सविस्तर पुढे लिहीनच. आज त्या कागदावरून सुरू झालेली दुसरीच गोष्ट लिहितो.

सेंद्रिय कर्ब म्हटलं की आपण ह्युमस म्हणतो. कृषी सहायकापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे म्हणतात. हा शब्द लॅटिन. अर्थ माती, जमीन. त्याच घरातला दुसरा शब्द 'ह्युमिलिस', म्हणजे जमिनीलगतचा, बुटका. त्यावरून इंग्रजीत 'ह्युमिलिटी' आला. आपण त्याला नम्रता म्हणतो. म्हणजे ज्याच्यात माती आहे तो नम्र. हे मला सांगितलं आमच्या शेजारच्या तात्यांनी. तात्या ख्रिस्ती, कॅथलिक. आमच्या नगर जिल्ह्यात हे काही नवल नाही. अमेरिकन मिशनचं काम नगरला १८३१ पासूनचं, कॅथलिक फादर त्यानंतर आले, आणि सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला किती माणूस लोटतो ते तिकडच्यांना सांगायला नको.

आम्ही वारकरी घर. माळ घालणारे. पण तात्यांनी मला एकदा 'सुबोध बायबल' वाचायला दिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी केलेलं, २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेलं. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि वसईची हिरवी रानं बिल्डरांपासून वाचवायला रस्त्यावर उतरलेले होते, म्हणून मी ते पुस्तक जरा आपुलकीनं उघडलं. त्यातलं लूकचं शुभवर्तमान मी तीनदा वाचलं. धर्म बदलायचा म्हणून नाही. त्यात शेती फार आहे म्हणून. पेरणी, द्राक्षमळा, अंजीर, गव्हातलं तण, मजुरी, वाटणी. आणि जिथं जिथं शेती येते, तिथं विषय बहुतेक एकच असतो : माणूस चुकला तर परत कसा वळतो.

आपल्याकडे नम्रता म्हटलं की एक दृष्टांत ठरलेला. भरलेलं कणीस वाकतं, रिकामं ताठ राहतं. भाषणात हमखास येतो. ज्यानं हा शोधला त्यानं फक्त ज्वारी पाहिली असावी. बाजरीचं कणीस दाण्यांनी गच्च भरलं तरी काठीसारखं उभं राहतं, आणि काणी पडलेलंही उभंच. वाकलेली मान ही नम्रतेची खूण नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या भागात जी घरं ख्रिस्ती झाली त्यातली बरीचशी वेशीबाहेरची. त्यांच्या आजा-पणजांनी मान खाली घालण्याचं काम पिढ्यानपिढ्या केलं होतं. त्यांना पुन्हा नम्रता शिकवायची काय गरज? तात्यांना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, ती मान दुसऱ्यानं दाबलेली होती. ती नम्रता न्हवं. येशूची आई गाते त्या गाण्यात काय आहे बघ, गादीवरचे खाली येतात आणि खालचे वर. नम्रता शिकवायची ती गादीवरच्याला."

लूकच्या अठराव्या अध्यायात दोन माणसं मंदिरात प्रार्थना करायला जातात. एक परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा. दुसरा जकातदार, रोमन सरकारसाठी वसुली करणारा, आणि करताना स्वतःचंही काढून घेणारा. परूशी सांगतो की मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतो. यात खोटं काही नाही, तो खरंच देत होता. चूक कुठं आहे? तो शेजारी बघून बोलतो. मी या जकातदारासारखा नाही, म्हणतो. आपल्याला हे किती ओळखीचं आहे! आपलं पीक बघायचं सोडून बांधापलीकडचं बघायचं, त्याचं पिवळं पडलं की आपलं हिरवं वाटायला लागतं. आपला सेंद्रिय कर्ब शेजाऱ्याच्या रानाशी तुलना करून वाढत नाही. जकातदार लांब उभा राहतो, वर बघत नाही, छाती बडवतो आणि दयेची एक याचना करतो. माप एवढंच, पण खरं. येशू म्हणतो, हा दुसरा निर्दोष ठरून घरी गेला.

आता पश्चात्ताप हा शब्द घेऊ. आपल्या शब्दात 'पश्चात्' आहे आणि 'ताप' आहे. नंतर होणारी जळजळ. म्हणून आपण पश्चात्ताप म्हणजे वाईट वाटणं असं धरून बसतो. बायबलच्या जुन्या करारात त्यासाठी जो हिब्रू शब्द येतो, 'शूब', त्याचा साधा अर्थ मागे वळणं, परतणं. नव्या कराराची भाषा ग्रीक, तिथं 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणं. यात ताप असेलही, पण मुख्य काम वळण्याचं. औतवाल्याला हे लगेच कळतं. तास संपला की बैल वळवावा लागतो. वाईट वाटून बैल वळत नाही, कासरा ओढावा लागतो.

योहान बाप्तिस्मा देणारा नदीकाठी लोकांना पश्चात्ताप करा म्हणून सांगत होता तेव्हा लोकांनी विचारलं, म्हणजे नेमकं करायचं काय? त्याचं उत्तर बघा. दोन अंगरखे असतील त्यानं ज्याला नाही त्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी दमदाटी करून पैसे काढू नयेत, पगारात भागवावं. रडा, असं त्यानं कुठंच सांगितलं नाही. ज्याचा जो धंदा त्या धंद्यातलं सांगितलं. त्यावेळी तिथं शेतकरी उभा राहिला असता तर त्याला काय सांगितलं असतं, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, बांध सांगितला असता.

हे मी आपल्या मनानं म्हणत नाही. जुन्या करारात बांध आहे. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवू नये असा नियम आहे आणि सत्ताविसाव्यात खूण सरकवणाऱ्याला सगळ्या लोकांसमोर शाप आहे. नीतिसूत्रांत पुन्हा दोनदा तेच येतं. होशेय संदेष्टा राज्यकर्त्यांना शिव्या घालताना उपमा कोणाची देतो, तर हद्दीचा दगड हलवणाऱ्याची. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला बांध कोरणं हे इतकं मोठं पाप वाटत होतं. आपल्याकडे मात्र बांध कोरणाऱ्याला लोक हसून 'हुशार' म्हणतात. दर नांगरटीला वीतभर. कोणाच्या डोळ्यात येत नाही. बांध पातळ होतो, मग एके वर्षी फुटतो, मग नवा घातला जातो आणि तो घालताना जुनी जागा कोणाला आठवत नाही. तालुक्याच्या कोर्टात कुठल्याही तारखेला जाऊन बसा, निम्म्या फायली याच्याच असाव्यात असं वाटेल.

तात्यांच्या आणि आमच्या रानात असाच बांध होता. गाव आणि गट नंबर लिहीत नाही. आमच्या आजोबांच्या काळी तो चार फुटी होता, वर बाभळी. पुढे बाभळी गेल्या, बैलं गेली, ट्रॅक्टर आला. बांध आमच्याकडे सरकत राहिला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा तोंडानं सांगितलं, एकदा चारचौघांत सांगितलं, मग भांडण झालं, आणि नंतर अकरा वर्षं बोलणं बंद. बोलणं बंद म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच कळेल. आमची पाइपलाइन त्यांच्या कडेनं सरळ गेली असती ती सहाशे फूट वळसा घालून न्यावी लागली. ऊस तुटायचा तेव्हा गाडी लांबून. त्यांच्या विहिरीवर रात्री मोटर जळताना दिसली तरी इकडून कोणी हाक मारली नाही.

एका फेब्रुवारीत, गहू चिकात होता, संध्याकाळी तात्या आमच्या अंगणात आले. कपाळावर राखेचा डाग. तो राखेचा बुधवार होता. त्या दिवशी ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ सुरू होतो, रविवार सोडून चाळीस दिवस, ईस्टरपर्यंत. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या झावळ्या जाळून त्याची राख करतात आणि ती लावताना आठवण करून देतात की तू मातीचा आहेस आणि मातीतच जाणार. (आदाम हे नावसुद्धा हिब्रूत मातीच्या शब्दाला जोडलेलं आहे, 'आदामा' म्हणजे जमीन. पुन्हा तेच, ह्युमस.)

तात्या बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "अण्णा, बांध आमच्या बाजूनं सरकलाय. मोजणी आणू. फी माझी. म्हाताऱ्यानं किती केलं आन् मी किती, ते काढत बसत नाय. औत मीबी धरलं होतं."

यातलं शेवटचं वाक्य मला आजही मोलाचं वाटतं. बापाच्या नावावर टाकून मोकळं व्हायची पूर्ण सोय होती. बाप मेलेला, उलट बोलणार नव्हता. आणि उभं राहण्यात लाचारी नव्हती. ताठ उभे होते, बाजरीच्या कणसासारखे. अण्णा एवढंच म्हणाले, "मोजणी होऊ दे. मग बघू."

मोजणी झाली ती सुगी झाल्यावर, रान मोकळं असताना. 'क' प्रत हातात आली. बांधाची लांबी ३९६ फूट. वरच्या टोकाला बांध तीन फूट सरकलेला, खालच्या टोकाला आठ. सरासरी साडेपाच. गुणाकार करा, २१७८ चौरस फूट, बरोबर दोन गुंठे. लोक म्हणाले, दोन गुंठ्यांसाठी एवढं? ज्यांना शेती नाही त्यांनी म्हणावं.

दगड रोवले. आम्हाला वाटलं विषय संपला. चार दिवसांनी तात्या पुन्हा आले, हातात नातवाची वही. बारा वर्षं ते स्वतः ते रान करत होते, तेवढ्याचा हिशोब. एकरी पंधरा क्विंटल गहू धरला तर दोन गुंठ्यांत ७५ किलो. बारा वर्षांचे नऊ क्विंटल. "वर पाचवा हिस्सा," ते म्हणाले, "म्हणजे पावणेअकरा. अकरा पोती धरा." मी म्हटलं, तात्या, यात बियाणं, खत, मशागत वजा नाही. तर म्हणाले, "दुसऱ्याच्या रानात घातलेला खर्च मागायचा नसतो."

हा पाचवा हिस्सा कुठून आला ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर वाचताना सापडलं. गणनाच्या पाचव्या अध्यायात आहे : ज्यानं दुसऱ्याचं काही घेतलं त्यानं ते कबूल करावं, मुद्दल परत करावं, आणि वर एक पंचमांश घालून ज्याचं होतं त्याला द्यावं. लेवीयमध्येही तसंच. चोर पकडला गेला तर हिशोब वेगळा, निर्गमात एका मेंढराला चार मेंढरं आणि एका बैलाला पाच. म्हणजे स्वतःहून येणाऱ्याला मुद्दलावर वीस टक्के, पकडला गेलेल्याला चौपट-पाचपट. पद्धत शहाणपणाची आहे. परत येणाऱ्याची वाट इतकी महाग करू नये की तो येणारच नाही.

आणि मग जक्कय. हा यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि बुटका. येशूला बघायला तो झाडावर चढतो. मराठी बायबलात त्या झाडाला उंबर म्हटलंय, आणि ते बरोबरच आहे, तिकडचं ते झाड आपल्या उंबराच्याच कुळातलं, फायकस. इतका मोठा अधिकारी पोरासारखा उंबरावर चढून बसतो, आधी हसं होतं. येशू त्याच्या घरी जातो. तेव्हा जक्कय उभा राहून सांगतो की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. पकडला न जाता त्यानं पकडल्या गेलेल्या चोराचा दर स्वतःला लावून घेतला. वीस टक्क्यांवर भागत होतं, कोणी मागितलंही नव्हतं. मला वाटतं पश्चात्ताप खरा की दिखाऊ हे ओळखायचं असेल तर डोळ्यातलं पाणी बघू नये, वही बघावी.

आपल्या परंपरेला हे परकं नाही. तुकोबांनी सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. अनुताप हा शब्द आपल्या कीर्तनात रोजचा. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आमच्या नगरातच त्यांनी आयुष्याचा मोठा भाग काढला, आणि तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते मानत. फरक एवढाच वाटतो की आपल्याकडे अनुताप बहुतेक देव आणि भक्त यांच्यातला राहतो. बायबल मध्येच शेजाऱ्याला आणून उभं करतं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूचं सांगणं असं की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग परत या. पूजा अर्धवट सोडून बांधावर जा, असं सांगणारा देव शेतकऱ्याला पटायला हवा.

कॅथलिक लोकांत फादरांजवळ पापनिवेदन करायची पद्धत आहे. मला वाटायचं की सांगितलं, प्रार्थना म्हटली, झालं मोकळं. तात्यांना तसं विचारलंही. त्यांच्या शिकवणीत तीन गोष्टी आहेत म्हणे : मनापासून वाईट वाटणं, तोंडानं कबूल करणं, आणि नुकसान भरून देणं. पहिल्या दोन सोप्या नाहीत, पण तिसरीत माणूस अडकतो. प्रोटेस्टंटांत फादरांपुढे जायची सक्ती नाही. पण त्यांच्या मार्टिन लूथरनं १५१७ साली जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच हा की पश्चात्ताप एका दिवसाचा विधी नाही, सगळं आयुष्यच तसं हवं. बांध जसा दर नांगरटीला बघावा लागतो तसं, असं मी समजतो.

आता अण्णांकडे येतो. कारण खरी अडचण इथं झाली.

अण्णा म्हणाले, "बांध घेतला. गहू नको." तात्या म्हणाले, "गहू नको म्हणालात तर माझं राहतं की." अण्णा उठून आत गेले. गावात लोक बोलायला लागले. कोणी म्हणालं, मोजणी लागणारच होती म्हणून शहाणा झाला. कोणी म्हणालं, आजारपण झालं असेल, मरणाची भीती. कोणी म्हणालं, अकरा पोती देऊन नाव मिळवायचंय. मी लोकांना दोष देत नाही, वाकडं बघायची सवय आपल्याला शेतीनंच लावली. पण अण्णांना नेमकं काय टोचत होतं ते मला लूकच्या पंधराव्या अध्यायात सापडलं.

उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. धाकटा बापाच्या हयातीत वाटणी मागतो, विकून परमुलखात जातो, उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते, त्यांच्या शेंगा खाऊन पोट भरावं असं वाटायला लागतं. तेव्हा शुद्धीवर येतो. घरी जाऊन काय बोलायचं ते पाठ करतो, की मला मुलगा म्हणू नका, मजूर म्हणून ठेवा. बाप लांबूनच बघतो, धावत येतो, गळ्यात पडतो, आणि ते पाठ केलेलं बोलणं पोराला पुरतं बोलूच देत नाही. मजुरीचं वाक्य राहूनच जातं. पुष्ट वासरू कापतात, वाजंत्री लागते.

प्रवचनात इथं बहुतेक थांबतात. शेतकऱ्यानं पुढं वाचावं. थोरला मुलगा कुठं होता? शेतात. दिवसभर राबून घराकडं येतोय आणि वाजंत्री ऐकतोय. त्याला कोणी बोलवायलाही गेलं नव्हतं. गड्याकडून कळतं. तो रागावतो, आत जात नाही.

सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूनं? मी हे आमच्या गटातल्या सात-आठ शेतकऱ्यांना वाचून दाखवलं, सगळे थोरल्याच्या बाजूनं. आणि हिशोबानं ते बरोबर आहेत. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. धाकट्यानं आपला तिसरा हिस्सा घेऊन विकला. म्हणजे जे शिल्लक ते सगळं थोरल्याचं. बापही त्याला तेच सांगतो, जे माझं ते तुझंच आहे. मग कापलेलं वासरू कोणाचं? हिशोबानं थोरल्याचं. त्याला न विचारता. क्षमा बापानं केली, खर्च थोरल्याच्या वाट्यातून झाला. ही गोष्ट सांगणाऱ्याला शेतीची वाटणी पक्की माहीत होती, आणि त्यानं ही टोचणी मुद्दाम ठेवली आहे असं मला वाटतं. बाप बाहेर येतो, थोरल्याची विनवणी करतो. धाकट्यासाठी धावलेला बाप थोरल्यासाठीही दाराबाहेर आला, हे लोक विसरतात. आणि गोष्ट तिथंच संपते. थोरला आत गेला की नाही, लूक सांगत नाही.

अण्णा तसे दाराबाहेर उभे होते. अकरा वर्षं बरोबर होते, आणि बरोबर असण्याची सवय झाली होती. समोरचा चोर राहिला असता तर ते सोपं होतं. तो कबूल करून, दगड रोवून, वर पाचवा हिस्सा घेऊन आला, आता अण्णांकडे धरायला काही उरलं नाही. कबुली द्यायला नम्रता लागते हे सगळे सांगतात. कबुली घ्यायलाही लागते, आणि ती जास्त अवघड असावी. देणाऱ्याच्या हातात निदान पोतं असतं.

पुढच्या सुगीला तात्यांच्या ट्रॉलीतून अकरा पोती आमच्या ओसरीवर उतरली. अण्णा मळ्यात होते. आईनं काही न बोलता खोलीत जागा केली. अण्णा आले, पोती बघितली, मोजली (मी पाहिलं), आणि हातपाय धुवायला गेले. त्यानंतरही वर्षभर दोघांत बोलणं असं झालं नाही. 'पाणी सुटलं का', 'लाइट कधी येणार', एवढंच. माफ केलं असं अण्णा आजवर म्हणालेले नाहीत. तात्यांनीही विचारलेलं नाही. ज्याचं त्याला दिलं म्हणून समोरच्यानं गळ्यात पडलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट नव्हता, आणि मला यात त्यांची नम्रता बांध परत देण्यापेक्षाही मोठी वाटते.

एकदा मी तात्यांना म्हटलं, अण्णा असे का वागतात कळत नाही. त्यांनी मला अंजिराची गोष्ट काढून दिली. लूक, तेरावा अध्याय. येशू आधी लोकांना पश्चात्ताप करा म्हणून बजावतो आणि लगेच ही गोष्ट सांगतो. एकाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचं झाड. मालक तीन वर्षं फळ बघायला येतो, नाही. माळ्याला म्हणतो तोड, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी आळं खणतो, खत घालतो, फळ आलं तर ठीक, नाही तर तोडा.

आपल्याकडचे पुरंदरचे अंजीरवाले यावर जास्त बोलू शकतील. कलमाच्या अंजिराला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दिसायला लागतं, म्हणजे मालकाचं म्हणणं चुकीचं नाही. तिकडे तर नवीन झाडाचं पहिल्या तीन वर्षांचं फळ खायचंच नाही असा लेवीयमध्ये नियम होता, ती वर्षं धरली तर झाड आणखी जुनं. माळी झाडाची वकिली करत नाही, झाड चांगलं आहे असं म्हणत नाही. फक्त एक वर्ष मागतो आणि स्वतःचं काम वाढवून घेतो. खणणं त्याचं, शेणखत त्याचं. या गोष्टीलाही शेवट नाही. फळ आलं की कुऱ्हाड, लूक सांगत नाही.

मी ती गोष्ट झाडाच्या बाजूनं वाचत होतो, फळ न देणारा म्हणजे पापी, असं. तात्या म्हणाले, "आरं, दुसऱ्याचं झाड बघताना माळ्याच्या बाजूनं वाचायची. अण्णांना टाइम दे."

यंदा अण्णांची पंच्याहत्तरी झाली. बांध आता पुन्हा चार फुटी आहे, दोन्ही घरांनी दोन-दोन फूट सोडलेत. वर शेवगा लावायचं चाललं होतं, पण सावली उत्तरेकडच्या रानात जाते म्हणून तात्या नको म्हणाले, शेवटी गिरिपुष्प लावलं. पाला दोन्हीकडच्या खताला कापतो. मागच्या पावसाळ्यात आमची पाइपलाइन फुटली तेव्हा अण्णांनी मला सांगितलं की आता वळसा नको, तात्यांना विचार आणि सरळ घे. स्वतः विचारायला गेले नाहीत.

ज्यांना यंदा मोजणी आणायची आहे त्यांच्यासाठी एवढं : अर्ज आधीच करून ठेवा, आणि प्रत्यक्ष मोजणी सुगीनंतर, रान मोकळं असताना होईल असं बघा. उभ्या पिकात जुने दगड सापडत नाहीत. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, पण त्याआधी स्वतः जाऊन तोंडानं सांगा. 'क' प्रतीच्या दोन झेरॉक्स काढा, एक शेजाऱ्याला द्या.

गिरिपुष्पाची कलमं आमच्याकडे शंभरेक निघतील. जवळच्या कोणाला हवी असतील तर खाली कळवा.